एक्सरे स्वच्छ आहे, मग बायॉप्सी कशाला?

पत्र थोडक्यात असं आहे: वय ३६. दोन्ही फुफ्फुसांचं ट्रान्सप्लांट होऊन १६ महिने झाले. आत्तापर्यंत पाच ब्रॉन्कोस्कोपी झाल्या, म्हणजे श्वासनलिकेतून दुर्बीण घालून तपासणी, पाचही वेळा बायॉप्सी, म्हणजे त्यातूनच चिमट्यानं फुफ्फुसाचे बारीक तुकडे काढले. शेवटच्या वेळी बायॉप्सीनंतर फुफ्फुसाबाहेर हवा साठली, छातीत नळी घालावी लागली, चार दिवस ती नळी होती आणि ते चार दिवस अजून झोपेत येतात. आता गेल्या तीन आठवड्यांत घरच्या स्पायरोमीटरवरचा (फुंकर मोजायच्या यंत्रावरचा) आकडा २.४० वरून २.१४ वर आलाय. ताप नाही, खोकला नाही, जिना चढताना थोडा दम लागतो बस. मागच्या आठवड्यातला एक्सरे स्वच्छ आला. तरी टीम म्हणतेय की सीटी करू आणि बहुतेक परत बायॉप्सी लागेल. नवरा म्हणतो एक्सरे चांगलाय तर कशाला उगीच. दिरानं एका नवीन एमआरआयचा व्हिडिओ पाठवलाय, त्यात गॅस हुंगून फोटो काढतात आणि रिजेक्शन, म्हणजे शरीर नवं फुफ्फुस नाकारतंय का, ते कळतं म्हणे. "ताई, दर महिन्याला सीटी करायला माझी तयारी आहे, पण बायॉप्सी नको. स्कॅनवर भागणार नाही का? शेवटचे पाच दिवस मी आकडे पाठवलेलेच नाहीत, कारण ते काय म्हणणार हे मला माहितीये. — फुंकर मारून दमलेली"

अगं दमलेली,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू सगळ्यात शेवटी, सहीच्या बरोबर आधी लिहिलंयस. पाच दिवस आकडे पाठवले नाहीत. तर पुढचं वाचायच्या आधी फोन उचल आणि ते पाच आकडे पाठवून दे. आकडे पाठवणं म्हणजे बायॉप्सीला हो म्हणणं नव्हे, त्यावर आपण बोलणारच आहोत आणि तुला तिथं बोलायला बरीच जागा आहे, पण आकडे दाबून ठेवलेस तर समोरच्या टीमला तुझ्याबद्दल विचार करायला हातात काहीच राहत नाही. मी इथंच आहे, पाठवून ये.

पाठवलेस? बरं.

आधी एक सांगते, मी डॉक्टर नाही. मी बावीस वर्षं सीटीच्या खोलीत काचेच्या पलीकडे बसून लोकांना "श्वास घ्या, रोखा, सोडा" म्हणणारी बाई आहे, आणि त्यात ट्रान्सप्लांटची माणसं बरीच पाहिली. त्यामुळे स्कॅन काय दाखवतो आणि काय दाखवल्याचा नुसता भास होतो हे मी तुला सांगू शकते. औषधं किती नि कुठली, ते तुझ्या टीमनं.

आणि भीतीबद्दल. छातीत नळी घालून चार दिवस काढलेल्या माणसाला परत त्याच टेबलावर जायची भीती वाटली तर त्याला भित्रेपणा म्हणत नाहीत. तुझ्या पत्रात तू तीनदा "मला कळतंय मी मूर्खपणा करतेय" असं लिहिलंयस. ते काढून टाक. तू मूर्खपणा करत नाहीयेस, तू दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधून ठेवलेयत आणि ते गाठोडं उचलत नाहीये, एवढंच.

पहिला प्रश्न एक्सरेचा, तो पटकन संपवू. एक्सरे स्वच्छ म्हणजे रिजेक्शन नाही असं तुझा नवरा धरून चाललाय, आणि चूक त्याची नाही, सगळ्यांनाच तसं वाटतं, कारण रिपोर्टवर लिहिलेलं असतं "विशेष काही आढळले नाही" आणि आपण ते वाचतो "काहीही झालेलं नाही" असं. पण ॲक्यूट, म्हणजे नव्यानं उसळलेलं, रिजेक्शन सुरू होतं तेव्हा होतं काय, तर शरीरातल्या पांढऱ्या पेशी फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांभोवती गोळा व्हायला लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं इतकं बारीक काम आहे ते. एक्सरे ही शेवटी सावली, बरगड्या, हृदय, सगळं एकावर एक पडलेलं. त्या सावलीत पेशींचा घोळका कुठून दिसणार? रिजेक्शन असूनही एक्सरे अगदी नॉर्मल असणं हे नेहमीचं आहे, विशेषतः पहिले काही महिने उलटून गेल्यावर. तुझा स्वच्छ एक्सरे एवढंच सांगतो की मोठा न्यूमोनिया नाही, ढिगानं पाणी नाही, परत हवा साठलेली नाही. ही चांगलीच बातमी आहे, पण वेगळ्या प्रश्नाची.

आता सीटी. इथं जरा थांबूया, कारण तुझी सगळी भिस्त हिच्यावर आहे.

सीटी एक्सरेपेक्षा खूप जास्त बघते, त्यात वाद नाही. रिजेक्शनमध्ये सीटीवर काय काय दिसू शकतं, तर आरशावर तोंडाची वाफ बसावी तसे धूसर भाग, ज्याला रिपोर्टमध्ये ग्राउंड ग्लास म्हणतात, मग फुफ्फुसाच्या छोट्या छोट्या कप्प्यांमधल्या भिंती जाड झालेल्या, कधी बाजूला थोडं पाणी. ऐकायला एकदम पक्का पुरावा वाटतो. पण हेच सगळं व्हायरल इन्फेक्शनमध्ये दिसतं, सीएमव्ही नावाच्या व्हायरसमध्ये दिसतं, शरीरात पाणी जास्त झालं तर दिसतं, काही औषधांच्या त्रासातही दिसतं. आणि उलटंही होतं, सीटी बऱ्यापैकी ठीक आणि बायॉप्सीत रिजेक्शन. म्हणजे सीटी तुला सांगेल "इथं काहीतरी चाललंय", कोण करतंय ते नाही सांगणार. दाराबाहेर चपला दिसल्या म्हणजे घरात कोणीतरी आलंय एवढं कळतं, पाहुणा की चोर ते आत गेल्यावर.

आणि इथं पाहुणा की चोर यानं फार फरक पडतो बघ. रिजेक्शन असेल तर साधारणपणे तीन दिवस शिरेतून स्टेरॉइडचे मोठे डोस देतात, म्हणजे तुझी प्रतिकारशक्ती आणखी खाली दाबतात. इन्फेक्शन असेल तर नेमकं तेच करायचं नसतं. दोन्हींचे उपाय विरुद्ध दिशेला जाणारे, चित्र मात्र सारखं. त्यात फुफ्फुस हा असा अवयव की तो प्रत्येक श्वासाला बाहेरच्या हवेत उघडा असतो, किडनी किंवा लिव्हरसारखा आत बंद पेटीत बसलेला नाही, त्यामुळे इन्फेक्शनची शंका तुझ्या बाबतीत नेहमीच जिवंत राहणार. डॉक्टर बायॉप्सी मागतात ते बहुतेक वेळा यासाठी. सीटीवर विश्वास नाही म्हणून नव्हे.

शिवाय तिसरी शक्यता तुझ्या पत्रात कुठंच नाहीये, म्हणून सांगते. ट्रान्सप्लांटमध्ये श्वासनलिकेची फांदी जिथं जोडतात तिथं कधीकधी ती आक्रसते. त्यानंही फुंकरीचा आकडा खाली येतो, आणि त्याचा रिजेक्शनशी संबंधच नसतो. सीटीवर ती जागा चांगली दिसते, आणि ब्रॉन्कोस्कोपीतूनच ती रुंद करता येते. म्हणजे तू ज्या दुर्बिणीला घाबरतेयस तीच कदाचित उपाय असेल. कदाचित म्हणतेय हं, तुझं तसंच आहे असं नाही.

आता जे मला खरं सांगायचंय ते. बायॉप्सी दोन प्रकारची असते आणि तुला आजवर कोणी हे उलगडून सांगितलेलं दिसत नाही. एक असते नेमाची बायॉप्सी. काही त्रास नाही, आकडे छान, तरी कॅलेंडरवर तारीख आली म्हणून करायची, पहिल्या वर्षात ठरलेल्या महिन्यांना. तुझ्या पाचातल्या बहुतेक अशाच असणार. दुसरी असते शंकेची बायॉप्सी, काहीतरी बिघडलंय म्हणून केलेली. नेमाच्या बायॉप्सीबद्दल जगभरातल्या ट्रान्सप्लांट सेंटर्समध्येच एकमत नाही. बरीच सेंटर्स करतात, काही करत नाहीत, ती आकडा घसरला किंवा त्रास झाला तरच करतात. त्यामुळे "यापुढे सगळं ठीक असताना नुसतं तारीख आली म्हणून माझी बायॉप्सी नको" असं तू म्हणालीस तर तो अगदी रास्त, समजूतदार विषय आहे, आणि मागच्या वेळी नळी लागलेल्या माणसानं तो काढलाच पाहिजे. पण आत्ता तुझा आकडा खाली आलाय. ही शंकेची वेळ आहे. मागच्या नेमाच्या बायॉप्सीचा राग तू या शंकेच्या बायॉप्सीवर काढतेयस, असं मला पत्र दोनदा वाचल्यावर वाटलं.

२.४० वरून २.१४ म्हणजे जवळजवळ ११ टक्के. हा आकडा म्हणजे एफईव्ही-वन, जोरात फुंकर मारल्यावर पहिल्या एका सेकंदात किती लिटर हवा बाहेर पडली तो. बहुतेक टीम १० टक्क्यांच्या आसपास घसरण टिकून राहिली की कान टवकारतात. २० टक्के घसरण टिकून राहिली तर मग क्लॅड नावाच्या गोष्टीचा विचार सुरू होतो, म्हणजे क्रॉनिक, हळूहळू कायमचं बसत जाणाऱ्या, रिजेक्शनचा सध्याचा सगळ्यात वापरातला शब्द. तुझ्या बाबतीत ती रेघ १.९२ ला येते. तू तिथं नाहीयेस. आणि ही टक्केवारी काढतात कशावरून, तर ऑपरेशननंतरच्या तुझ्या सगळ्यात चांगल्या दोन आकड्यांच्या सरासरीवरून, ते दोन आकडे किमान तीन आठवड्यांच्या अंतरानं घेतलेले हवेत. त्यामुळे टीमला विचार की माझी बेसलाइन नक्की किती धरलीय. तू २.४० म्हणतेयस ती घरच्या मशीनवरची आहे की लॅबमधली? दोन मशीन्समध्ये फरक असतो, आणि या फरकापायी लोक फुकट घाबरलेले किंवा फुकट निश्चिंत झालेले मी पाहिलेत.

क्रॉनिक रिजेक्शनचा विषय निघालाच आहे तर तिथं चित्र पालटतं बघ, आणि हे तुला आवडेल. तिथं बायॉप्सी तशी कच्ची पडते. त्या आजारात अगदी बारीक श्वासनलिका आतून व्रण होऊन बंद होत जातात, पण सगळीकडे सारख्या नाही, एक इथली एक तिथली. चिमट्यातून येणारे तुकडे टाचणीच्या डोक्याएवढे, चिमटा नेमका चुकीच्या जागी पडला की रिपोर्ट येतो स्वच्छ. म्हणून क्लॅडचं निदान मुळात फुंकरीच्या आकड्यांवर आणि सीटीवर करतात. तर बायॉप्सी म्हणजे ब्रह्मवाक्य असंही नाही. ॲक्यूट रिजेक्शनमध्येसुद्धा तुकड्याची एकच काच दोन पॅथॉलॉजिस्टनी बघितली तर ए-एक की ए-दोन (रिजेक्शन किती जोरात आहे त्याच्या पायऱ्या) यावर त्यांचं नेहमी जुळतंच असं नाही. म्हणून तर किमान पाच चांगले तुकडे हवेत असं ठरवलंय. "एवढे तुकडे कशाला घेता" म्हणून चिडू नकोस, दोनच घेतले आणि त्यातून काही कळलं नाही तर परत जावं लागेल.

सीटीत क्लॅडचे दोन मुख्य चेहरे दिसतात. पहिल्यात, ज्याला बीओएस म्हणतात, हवा आत जाते पण बाहेर यायला वाट राहत नाही. श्वास भरून काढलेल्या सीटीत हे कधीकधी दिसतच नाही! श्वास पूर्ण सोडून जे फोटो काढतात त्यात मात्र फुफ्फुसाचे काही भाग राखाडी होतात, जसे व्हायला हवेत, आणि काही काळेच राहतात, कारण तिथली हवा अडकलेली असते. सगळं मिळून ठिगळं लावल्यासारखं दिसतं. दुसरा चेहरा आरएएस, त्यात फुफ्फुस आखडतं, आणि सीटीवर पांढरट डाग, व्रणाच्या रेषा दिसतात, बऱ्याचदा वरच्या भागात, आणि ते जात नाहीत. काहींत दोन्ही मिसळलेलं असतं. आरएएस जास्त अवघड आणि बीओएसमध्ये काहींचा आकडा अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकवर परत वर येतो, म्हणून कोणता चेहरा आहे हे कळणं महत्त्वाचं, आणि ते सीटीशिवाय कळत नाही.

म्हणून तुझ्या सीटीच्या दिवशी एक कर. विचार, "श्वास सोडूनचे फोटो पण काढणार ना?" रिक्वेस्टवर लिहिलेलं नसेल तर आम्ही काचेपलीकडची माणसं आपणहून काढत नाही, तो एक्स्ट्रा सेट असतो. आणि काढणार असतील तर घरी चार वेळा सराव करून जा: भरून श्वास घ्यायचा, मग पूर्ण सोडायचा, अगदी पोट आत जाईपर्यंत, आणि सात-आठ सेकंद तसंच रिकामं राहायचं. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वाया जातो तो हाच सेट, लोक अर्धाच श्वास सोडतात आणि मग सगळं फुफ्फुस काळं दिसतं, रेडिओलॉजिस्ट बिचारा काय लिहिणार त्यावर. मी तर आवाज चढवून म्हणायचे, सोडा सोडा अजून सोडा, लोकांना वाटायचं बाई भांडतेय.

या कामासाठी कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन साधारणपणे लागत नाही, हे पण लक्षात ठेव. फुफ्फुसातल्या रक्ताच्या गुठळीची शंका असेल तर लागतं. टॅक्रोलिमसमुळे, म्हणजे तुझ्या रिजेक्शन रोखणाऱ्या औषधामुळे, किडनी आधीच राबत असते, तेव्हा कोणी कॉन्ट्रास्ट म्हणालं तर "कशासाठी, आणि माझं क्रिएटिनिन बघितलंय का" (किडनीची रक्ततपासणी) एवढं विचारायचं. भांडायचं नाही, विचारायचं.

आता दर महिन्याच्या सीटीबद्दल. मला कळतंय तुला त्यातून काय हवंय, दर महिन्याला कोणीतरी आत डोकावून "सगळं ठीक आहे" म्हणावं. पण सीटी हे म्हणूच शकत नाही, वर सांगितलं तसं. आणि किरणोत्सर्गाचा हिशोब करून बघ: छातीच्या नेहमीच्या सीटीला साधारण ५ ते ७ मिलिसीव्हर्ट, लो-डोसला दीडच्या आसपास, आणि निसर्गातून आपल्या सगळ्यांना वर्षभरात मिळतो तो सगळा मिळून २ ते ३. एका सीटीनं काही होत नाही, गरज असेल तेव्हा दोनचारनीही नाही, त्यासाठी सीटी नाकारू नकोस. पण वर्षाला बारा, वय ३६, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू, ज्यांच्यामुळे कॅन्सरचा धोका मुळातच थोडा वाढलेला असतो. आणि बदल्यात काय, तर दर महिन्याला कुठला तरी चार मिलीमीटरचा ठिपका निघणार आणि तू पुढचा महिनाभर त्या ठिपक्यासोबत जगणार. सीटीचा खरा उपयोग तुलनेत आहे. तब्येत उत्तम असतानाची तुझी एक चांगली सीटी, आत-बाहेर दोन्ही श्वासांची, आणि गरज पडेल तेव्हाची दुसरी, शक्यतो त्याच मशीनवर. त्या पहिल्या सीटीचे मूळ फोटो तुझ्याकडे आहेत का? नुसता रिपोर्टचा कागद नाही, फोटो. नसतील तर मागून घे.

दिराच्या व्हिडिओकडे येते. तो खोटा नाहीये. साध्या एमआरआयला फुफ्फुस नीट दिसत नाही, कारण एमआरआय बघतो पाण्यातल्या हायड्रोजनला आणि फुफ्फुसात आहे बहुतेक हवाच, त्यात ते सारखं हलतं. म्हणून झेनॉन गॅस लेझरच्या मदतीनं खास तयार करतात, म्हणजे त्याचा सिग्नल हजारो पटींनी वाढतो, तो एका श्वासात आत घ्यायचा, दहापंधरा सेकंद रोखायचा, आणि हवा कुठं पोचली कुठं नाही याचा नकाशा मिळतो. यात किरणोत्सर्ग नाही. झेनॉन रक्तातही विरघळतो, त्यामुळे हवेतून रक्तात वायू किती जातोय हेही बघता येतं, जे सीटीला जमत नाही. औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं डिसेंबर २०२२ मध्ये याला मंजुरी दिली, पण कशासाठी, तर हवा कुठं खेळतेय ते बघण्यासाठी. रिजेक्शनचं निदान करण्यासाठी नाही. व्हिडिओत हे वाक्य गाळलं जातं. शिवाय त्याला गॅस तयार करणारं यंत्र, खास कॉइल, शिकलेली माणसं लागतात, म्हणून मोजक्याच ठिकाणी आहे.

आणखीही प्रयत्न चालू आहेत. जर्मनीत हॅनोव्हरच्या गटानं प्रेफुल नावाची पद्धत काढलीय, त्यात गॅसही नाही आणि कॉन्ट्रास्टही नाही, तुम्ही आपले नेहमीसारखा श्वास घेत पडून राहायचं आणि कॉम्प्युटर त्या फोटोंमधून हवा आणि रक्त कुठं कुठं पोचतंय ते काढतो. मिशिगनमध्ये श्वास भरलेली आणि सोडलेली अशा दोन सीटी ठिपक्यावर ठिपका जुळवून हवा कुठं अडकलीय त्याचा रंगीत नकाशा काढायची पद्धत निघाली, पीआरएम म्हणतात तिला. पेट स्कॅनही (त्यात किंचित किरणोत्सर्गी साखर टोचून फोटो काढतात) आजमावून झालाय, पण तो सूज दिसली की उजळतो, इन्फेक्शन असो की रिजेक्शन, म्हणजे परत आपलं तेच पाहुणा आणि चोर. या सगळ्यांत मला खरी आशा कुठं वाटते, तर फुंकरीचा आकडा पडायच्या आधी क्लॅडची चाहूल लागण्यात. फुंकर सगळ्या फुफ्फुसाची मिळून एक बेरीज सांगते, बारीक नळ्या बऱ्याच बंद पडेपर्यंत ती बेरीज फारशी हलत नाही, नकाशा ते आधी पकडू शकेल. पण तुझा आत्ताचा प्रश्न, हे इन्फेक्शन की रिजेक्शन, त्याचं उत्तर यातला कुठलाच नकाशा आज देत नाही. तुझ्या सेंटरमध्ये असा अभ्यास चालू असेल तर जरूर भाग घे, बायॉप्सीच्या सोबतीनं. ऐवजी म्हणून नाही.

मग करायचं काय. सोमवारी टीमकडे जाशील तेव्हा "बायॉप्सी नको" या वाक्यानं सुरुवात करू नकोस, समोरची माणसं लगेच तुला समजवायला लागतील आणि तू लगेच गप्प बसशील, तुझ्या पत्रावरून तुझा स्वभाव तसाच दिसतो. सुरुवात कर, "मागच्या वेळी नळी लागली, त्यामुळे मला भीती वाटते, आपण पायरीपायरीनं जाऊ शकतो का?" आणि मग विचार. रक्तातून आधी काय काय बघता येईल, टॅक्रोलिमसची लेव्हल, सीएमव्ही, दात्याच्या फुफ्फुसाविरुद्धच्या अँटिबॉडीज? औषधाची लेव्हलच खाली गेलेली निघते कधीकधी, कुणी नवीन गोळी चालू केलेली असते आणि तिनं घोळ घातलेला असतो. दात्याच्या डीएनएचे तुकडे रक्तात मोजायची टेस्ट काही ठिकाणी करतात, ती तुमच्याकडे आहे का? (तीही इजा होतेय एवढंच सांगते, कशामुळे ते नाही, पण आकडा कमी आला तर थोडा धीर येतो.) सीटी आधी करून मग ठरवू शकतो का? सीटीत जोडाच्या जागी अरुंद झालेलं दिसलं किंवा एका कोपऱ्यात स्पष्ट न्यूमोनिया दिसला तर आजच बायॉप्सी लागेल का, की नुसतं आत पाणी सोडून ते परत ओढून तपासलं तर चालेल? ब्रॉन्कोस्कोपी आणि बायॉप्सी या दोन गोष्टी आहेत. नुसत्या धुवून घेण्यानं इन्फेक्शन पुष्कळदा सापडतं आणि हवा साठायचा धोका मुख्यतः चिमट्याचा असतो.

आणि एवढं करून बायॉप्सी लागलीच, तर ती कशी होणार याबद्दल बोल. मागच्या वेळी कोणत्या बाजूला, कोणत्या भागात नळी लागली ते त्यांना परत सांग, फाइलमध्ये आहे म्हणून गृहीत धरू नकोस. चिमटा कुठं पोचलाय ते एक्सरेच्या स्क्रीनवर बघत करणार ना, ते विचार. एकाच बाजूनं तुकडे घेणार ना, दोन्ही फुफ्फुसांना एकदम धोका नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची ते लेखी घे. झोपेचं औषध मागच्या वेळी कमी पडलं असेल, खोकत होतीस, तर तेही सांग, खोकल्यात चिमटा हलतो. नंतर किती वेळानं फोटो काढणार आणि हवा दिसली तर थोडी असेल तेव्हा नुसतं लक्ष ठेवून चालतं का, नळी कधी घालता? बायॉप्सीनंतर हवा साठणं शंभरात काही जणांना होतं, आणि त्यातल्या प्रत्येकाला नळी लागते असंही नाही. तुला लागली हे दुर्दैव, पण दर वेळी लागेल असा नियम नाही.

घरच्या फुंकरीबद्दल थोडं. रोज एकाच वेळी, बसून, पाठ ताठ, तीन वेळा. सकाळी चांगला नाही आला म्हणून दुपारी, दुपारी नाही म्हणून रात्री, असं करत चांगला आकडा मिळेपर्यंत फुंकत बसू नकोस, तू तसं केलंयस असं तुझ्या "दमलेली"वरून वाटतंय. आणि खोकला नाही याच्यावर फार विसंबू नकोस. नवीन फुफ्फुसाच्या नसा ऑपरेशनमध्ये कापलेल्या असतात, जोडाच्या खाली काही बिघडलं तरी खोकल्याची उबळ पहिल्यासारखी येत नाही. ताप, एकदम वाढलेला दम, ऑक्सिजनचा आकडा नेहमीपेक्षा खाली, यातलं काही झालं तर सोमवारची वाट बघायची नाही, त्याच रात्री फोन.

नवऱ्याला सोबत ने, आणि "एक्सरे चांगला आहे ना मग" हे वाक्य त्याला तिथंच, डॉक्टरसमोर म्हणू दे. त्याचं उत्तर तू घरी देण्यापेक्षा तिथं मिळालेलं बरं. त्यालाही ते चार दिवस आठवत असणार गं, तो तुला बायॉप्सीपासून वाचवायला बघतोय, एक्सरेचं निमित्त आहे.

जाता जाता, अशीच पत्रं आणखी दोघांची आलीयत म्हणून त्यांच्यासाठी इथंच. ज्यांचं एकच फुफ्फुस बदललंय त्यांनी हे लक्षात घ्या की तुमच्या फुंकरीच्या आकड्यात जुनं फुफ्फुसही मिसळलेलं असतं, जुनं आणखी फुगलं किंवा आखडलं तरी आकडा पडतो आणि नव्यावर आळ येतो, त्यामुळे कोणतं फुफ्फुस बिघडलंय हे बघायला तुम्हाला सीटीची मदत जास्त. आणि लहान मुलाच्या आईनं विचारलंय की त्याला फुंकर जमतच नाही, तर हो, खूप लहान मुलांना ती नीट जमत नाही, तिथं टीमला स्कॅनवर आणि बायॉप्सीवर जास्त अवलंबून राहावं लागतं, म्हणून किरणोत्सर्ग नसलेल्या एमआरआयच्या पद्धतींकडे मुलांचे डॉक्टर जास्त डोळे लावून बसलेत. तुमच्या सेंटरला विचारून ठेवा.

दमलेली, सीटी झाली की फोटोंची सीडी त्याच दिवशी मागून घे. दुसऱ्या दिवशी मागितली की काउंटरवर फॉर्म भरायला लावतात.